शब्दचर्चा : ऐपत, कुवत आणि कारभार

दुधनाकाठ (परभणी)

राम राम मंडळी. मी डिग्रीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवतो. मानव विकासाचा धडा आला की दरवर्षी वर्ग एकाच वाक्यापाशी थांबतो. वाक्य असं, "सुशासन आणि आर्थिक घटक हे विविध देशांतील मानवी विकासाची पातळी निर्धारित करतात." पोरं पाठ करतात, पेपरात उतरवतात, मार्कही पडतात, पण एखाद्याला उभं करून म्हटलं की बाबा तुझ्या भाषेत सांग तर खाली बघतो. पोरगं ढ नाही, त्या वाक्यात धरायला काही सापडतच नाही. म्हणून इथं शब्द मांडतोय, तुम्ही सगळे तपासा.

माझं म्हणणं, यासाठी आपल्याकडं तीन शब्द रोजच्या वापरात आहेत. ऐपत, कुवत आणि कारभार. "पोरीची डॉक्टर व्हायची कुवत होती पण बापाची ऐपत नव्हती" हे वाक्य मराठवाड्यात कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. ऐपत म्हणजे पैशाची ताकद, दरडोई उत्पन्न मोजतं ते हेच. कुवत म्हणजे माणूस काय करू शकतो, काय होऊ शकतो ते. १९९० साली यूएनडीपीनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं, पहिला मानव विकास अहवाल काढला, त्यामागं पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते आणि त्यांचे जुने दोस्त अमर्त्य सेन, आणि त्यांचं म्हणणंच हे होतं की जग निस्ती ऐपत मोजत बसलंय, माणसाच्या कुवतीचं काय झालं हे कुणी विचारत नाही. मग मानव विकास निर्देशांकासाठी तीन गोष्टी एकत्र घेतल्या, माणूस किती जगतो, किती शिकतो आणि किती कमावतो.

यात कमाई धरायची रीत बघा. सरळ रक्कम धरत नाहीत, लॉग घेतात, म्हणजे गरिबाच्या हातात पडलेल्या हजाराला वजन जास्त आणि श्रीमंताच्या हजाराला कमी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात हजार रुपयानं काय होतं आणि आडतीच्या गल्ल्यात हजार रुपयानं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आणि २०१० पासून तिन्ही आकड्यांची साधी सरासरी नाही तर भूमितीय मध्य काढतात, म्हणजे बेरीज न करता तिघांचा गुणाकार करून त्याचं घनमूळ घेतात, त्यामुळं पैसा भरपूर पण शाळा नाहीत असं असलं तर पैशाचा आकडा शाळेचं उणं सहजासहजी झाकू शकत नाही.

आता मुद्दा हा की ऐपत वाढली म्हणजे कुवत आपोआप वाढत नाही. मधी कारभार लागतो. तर माझे दोन प्रश्न. एक, पुस्तकात गव्हर्नन्सला "शासन", "सुशासन", "अभिशासन" असं काय काय लिहितात, त्याला सरळ "कारभार" म्हणावं का? दोन, सेन ज्याला केपेबिलिटी म्हणतात त्याला पुस्तकं "क्षमता" म्हणतात, तिथं "कुवत" चालेल का?

मोंढा नाका (जालना)

सर, पहिल्या प्रश्नाला माझं मत पक्कं आहे, कारभारच. शासन हा शब्द आपल्या कानाला दोनच ठिकाणी येतो. एक तर "महाराष्ट्र शासन" म्हणून जीआरच्या डोक्यावर, नाहीतर "आरोपीला कडक शासन झालं पाहिजे" म्हणून मोर्चात, म्हणजे शिक्षा. जुन्या ताम्रपटात बी शासन म्हणजे राजाची आज्ञा. हे सगळं वरून खाली येणारं आहे. कारभार तसा नाही, तो घराचा असतो, सोसायटीचा असतो, ग्रामपंचायतीचा असतो, देवस्थानाचा असतो, तो चांगला असतो, भोंगळ असतो, एकहाती असतो. आणि कारभार म्हटलं की तो कोण करतो आणि कसा करतो हे दोन्ही प्रश्न लगेच येतात, शासन म्हटलं की निस्तं "कोण" येतं.

प्रशासन घेऊ नका मात्र. प्रशासन म्हणजे कलेक्टर ऑफिस, तहसील, त्याच्या पलीकडं त्या शब्दात काही मावत नाही. कोर्ट, निवडणूक, पेपरवाले, ग्रामसभा हे सगळं कारभारात धरता येतं, प्रशासनात नाही.

दुधनाकाठ (परभणी)

हे बरोबर बोललात दादा, आणि जागतिक बँक १९९६ पासून देशोदेशीच्या कारभाराचे जे सहा निर्देशक काढते त्यात नेमकं हेच आहे. लोकांचा आवाज आणि उत्तरदायित्व, राजकीय स्थैर्य, सरकारी यंत्रणेची परिणामकारकता, नियमनाचा दर्जा, कायद्याचं राज्य आणि भ्रष्टाचारावर आळा. सहातलं निस्तं तिसरं धड प्रशासन आहे, बाकीचं त्याच्या बाहेरचं.

गोदाताई (नांदेड)

नमस्कार सर. कारभार मला पटला पण कुवत नाही पटली, आणि का नाही ते सांगते कारण हा शब्द वर्गात पोरींच्या तोंडावर फेकलेला मी ऐकलेला आहे. "तुझी कुवत काय", "ज्याची त्याची कुवत", "कुवत बघून बोल". बोलण्यात कुवत ही जन्मतः आलेली धरतात, कुणात असते कुणात नसते. सेन यांचं म्हणणं तर बरोबर उलटं आहे ना, की माणसाला काय करता येईल हे त्याच्या अंगातल्या गुणांवर जेवढं तेवढंच भोवतालच्या परिस्थितीवर ठरतं. मूळ अरबी कुव्वत म्हणजे ताकद, ती अंगातली. तुम्ही देशाला "कमी कुवतीचा देश" म्हणालात तर वर्गातली लेकरं काय समजतील सांगा बरं, की तिथली माणसंच कमी अकलेची.

माझ्या मते तिथं "वाव" पाहिजे. "तिच्यात गुण आहेत पण वाव मिळाला नाही" असं आपण म्हणतोच की. कुवत माणसाची, वाव परिस्थितीचा. आणि मानव विकास म्हणजे वाव वाढणं.

एक बघितलेलं सांगते. आमच्याकडं "मानव विकास" म्हटलं की लेकरांना यूएनडीपी आठवत नाही, निळी एसटी आठवते. बसच्या अंगावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, मानव विकास. राज्य सरकारनं २००६ ला मानव विकास मिशन सुरू केलं, पुढं ते २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत नेलं, त्याचं आयुक्तालय पण आपल्या संभाजीनगरलाच आहे, आणि त्यातून वाडी-तांड्यावरच्या मुलींना शाळेत न्यायला या गाड्या आल्या. माझ्या शाळेत तीन तांड्यांच्या मुली या गाडीनं येतात. ही गाडी यायच्या आधी सातवी झाली की दप्तर खुंटीला आणि पोरगी आईसोबत रानात किंवा फडावर, कारण चालत पाठवायला घरचे तयार नाहीत आणि खाजगी जीपला रोज पैसे नाहीत. मुलीची कुवत तीच, बापाची ऐपत बी तीच, एक गाडी सुरू झाली आणि ती दहावीला बसली. आणि गाडी यात्रेला नाहीतर कुठल्या सभेला वळवली की त्या दिवशी माझ्या वर्गात पुढचे दोन बाक रिकामे. फोन केला तर उत्तर मिळतं वरून आदेश आहे. म्हणजे वाव दिला बी कारभारानं आणि काढून घेतला बी कारभारानंच, त्या पोरीच्या कुवतीचा यात कुठं संबंध आला सर.

दुधनाकाठ (परभणी)

ताई, वाव घेतला. हा शब्द माझ्या डोक्यात नव्हता आणि यानं वाक्य पूर्ण होतंय. कुवत माणसात असते, ऐपत घरात असते, वाव मिळावा लागतो आणि तो कारभार देतो. "क्षमता" या शब्दात हे सगळं एकत्र कालवलंय, म्हणून पोरांना ते धरता येत नाही.

आता याच शब्दांनी दोन देश बघू. बोत्स्वाना १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अगदी गरीब देशांत मोजला जायचा, कोरडवाहू मुलूख, जनावरं पाळणं हाच धंदा. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. तिथल्या पहिल्या सरकारनं खनिजाचा हक्क जमातींकडं न ठेवता देशाकडं घेतला, हिरे काढणाऱ्या कंपनीसोबत निम्म्या-निम्म्याची भागीदारी केली, आणि आलेला पैसा रस्ते, शाळा, दवाखाने यात घातला. आज तो देश मानव विकासाच्या उच्च गटात आहे. पण सरळ रेषेत नाही गेलेला. नव्वदच्या दशकात एचआयव्हीची साथ अशी पसरली की तिथलं आयुर्मान धाडकन खाली आलं, हिऱ्याचे पैसे येतच होते आणि माणसं ऐन तिशीत मरत होती. २००२ पासून सरकारनं मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, त्यानंतर आयुर्मान परत चढलं. ऐपत असणं आणि ती वेळेवर माणसापर्यंत पोचणं यात मधे काय असतं ते इथं स्पष्ट दिसतं.

दुसरा इक्वेटोरियल गिनी, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा छोटा देश. नव्वदच्या दशकात समुद्रात तेल लागलं आणि दरडोई उत्पन्न असं वाढलं की आफ्रिकेतल्या सगळ्यात श्रीमंत देशांत नाव आलं. १९७९ पासून एकच राष्ट्राध्यक्ष. कागदावर डोईमागं पैसा भरपूर, पण मानव विकासात देश मधल्या गटातच अडकून पडला. दरडोई हा शब्दच फसवा आहे बघा, डोई मोजून भागाकार केला म्हणजे प्रत्येक डोईला तेवढं मिळालं असं नाही.

बालाघाटी (बीड)

मी शिकलेला कमी, पण तुमचं वाचायलोय आणि एक सांगावं वाटलं. बहात्तरच्या दुष्काळात मी पोरगा होतो. विहिरी आटल्या, जनावरं सोडून दिली, ऐपत म्हणाल तर पाटलाच्या घरात बी दाणा नव्हता. तरी माणसं मेली नाहीत भुकेनं, म्हणजे पहिल्या काळात जसे मुडदे पडायचे तसं झालं नाही. कामून? कामं निघाली. खडी फोडायची, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते. बाया लेकरं काखंला घेऊन मातीच्या पाट्या उचलायच्या. लेकरांना सुकडी मिळायची, तिचा वास आजबी नाकात आहे, आणि रेशनला लाल मिलो. हप्त्याला मस्टरवर अंगठा आणि पगार. आता मस्टरवर खोटी नावं बी असायची, मुकादम हात बी मारायचा, ते मी झाकत नाही. पण काम मागितलं की काम होतं. मग हा कारभार चांगला म्हणायचा का वाईट, ते तुम्ही सांगा.

दुधनाकाठ (परभणी)

बप्पा, तुमच्या पोस्टवर तर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी लिहिलेलं आहे. त्या दुष्काळात महाराष्ट्रात शिखरावर असताना जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. ज्याँ द्रेझ आणि सेन यांनी त्याचा अभ्यास मांडला, कारण दाणा कमी असूनही भूकबळींची लाट आली नाही हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी ही तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली, १९७७ ला विधिमंडळात कायदा झाला, १९७९ पासून लागू. पैसा कुठून आणला तर शहरातल्या नोकरदार आणि धंदेवाल्यांवर १९७५ ला व्यवसाय कर लावून. म्हणजे मुंबई-पुण्याची ऐपत कारभारानं बालाघाटाच्या डोंगरापर्यंत आणली. पुढं २००५ ला अख्ख्या देशाचा कायदा झाला तो याच्याच वाटेनं.

चांगला का वाईट, तर मी म्हणेन दोन्ही एका वेळी असू शकतं. मुकादमानं हात मारला तो भ्रष्टाचार, तो वाईटच. पण काम मागता येणं आणि नाही दिलं तर जाब विचारता येणं, हे त्याच कारभारातलं चांगलं. सहा निर्देशक वेगळे ठेवलेत ते याचसाठी, एकात पास होऊन दुसऱ्यात नापास होता येतं.

मोंढा नाका (जालना)

जाब! सर, वर तुम्ही "उत्तरदायित्व" लिहिलं होतं, त्याच्या जागी हाच शब्द घ्या की. उत्तरदायित्व म्हणताना जीभ अडखळते आणि तो वरच्या माणसाचा गुण वाटतो, त्याच्यात असला तर असला. जाब विचारायला समोर विचारणारा लागतो, ग्रामसभेत उठून उभा राहणारा. आवाज आणि जाब, किती सरळ आहे.

मी खत-बियाणाच्या धंद्यात आहे म्हणून श्रीलंकेचं सांगतो. २०२१ ला तिथल्या सरकारनं रातोरात रासायनिक खताची आयात बंद केली, शेतकऱ्याला ना तयारी ना पर्याय, भाताचं आणि चहाचं पीक बसलं, काही महिन्यांत निर्णय मागं घ्यावा लागला पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं, आणि आधीच कर्जाचा डोंगर असल्यानं २०२२ ला देश कर्ज फेडू शकला नाही, पेट्रोलच्या लायनी आपण टीव्हीवर बघितल्या. आम्ही दुकानात म्हणायचो गेला हा देश. तरी आज मानव विकासाच्या यादीत श्रीलंका आपल्या बरीच वर आहे. याचं काय करायचं? कारभार बुडला तर कुवत, म्हणजे वाव, का बुडाला नाही?

दुधनाकाठ (परभणी)

कारण कारभाराची फळं लई उशिरा येतात आणि सडायला बी वेळ लागतो. श्रीलंकेत १९३१ ला, इंग्रज असतानाच, बाया-माणसं सगळ्यांना मत मिळालं. १९४५ ला शिक्षण मोफत झालं, त्याच सुमारास सरकारी दवाखान्यांचं जाळं गावागावात गेलं. मत होतं म्हणून मागणी होती, मागणी होती म्हणून दवाखाना आला. साठच्या दशकातच तिथलं आयुर्मान साठीच्या पुढं गेलं, आपल्याला त्यासाठी नव्वदचं दशक उजाडावं लागलं. शिकलेली आई दोन वर्षांच्या मंदीनं अडाणी होत नाही. पण वाव टिकवायचा तर पैसा लागतोच, औषध नसलेला दवाखाना किती दिवस चालणार, म्हणून ऐपत बिनमहत्त्वाची असं कुणी समजू नये. कोस्टा रिकानं १९४८ ला सैन्य मोडलं आणि पैसा शाळा-दवाखान्याकडं वळवला, आज तिथलं आयुर्मान अमेरिकेच्या तोडीचं आहे, उत्पन्न मात्र अमेरिकेच्या जवळपासही नाही. आणि बांगलादेश बघा, २०२५ च्या अहवालात भारत आणि बांगलादेश दोघं १३० व्या नंबरला, आकडा एकच ०.६८५, पण आयुर्मान त्यांचं आपल्यापेक्षा जास्त. हे वाचून मला राग येतो, लपवत नाही. आपल्याकडं पैसा नाही म्हणून हे झालेलं नाही.

गोदाताई (नांदेड)

सर, मग आपल्या मराठवाड्याच्या "अनुशेष" या शब्दाचं काय? कोणता भाग किती मागं राहिला ते मोजणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीपासून तो शब्द घरोघरी झाला, माझे वडील पेपर वाचता वाचता अनुशेष अनुशेष करायचे. रस्त्याचा अनुशेष, सिंचनाचा अनुशेष. तो सगळा कशात मोजला? किलोमीटरमध्ये आणि हेक्टरमध्ये आणि कोटी रुपयांत. १९९४ ला वैधानिक विकास मंडळ आलं, २०२० ला त्याची मुदत संपली, पण शब्द तसाच राहिला. मला वाटतं अनुशेष हा ऐपतीच्या घरातला शब्द आहे. हिशोबात राहिलेली बाकी. सातवीतून सुटलेल्या मुली अनुशेषात कुणी धरल्या नाहीत.

दुधनाकाठ (परभणी)

ताई, शिक्षण आणि आरोग्य बी दांडेकरांच्या यादीत होतं, पण तिथंही मोजलं ते सोयी आणि खर्च, बाकी तुमचा मुद्दा पटतो. निजामाच्या राज्यातून आपण १९४८ ला बाहेर पडलो तेव्हा वरचं शिक्षण उर्दूतून आणि कॉलेजं हाताच्या बोटावर. बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय, ते याच भागात काढलं ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. त्या कॉलेजनं कुणाची ऐपत वाढवली नाही पहिल्या दिवशी. वाव दिला.

तयारीवाला (लातूर)

सर मी सगळं वाचलो, लई भारी चर्चा आहे. दोन शंका. एक, कारभार सुधारला म्हणून पैसा येतो का पैसा आला म्हणून कारभार सुधारतो, परीक्षेत नेमकं काय लिहायचं? दुसरं, २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्या असेमोग्लू, जॉन्सन, रॉबिन्सन यांचा सिद्धांत आमच्या नोट्समध्ये "संस्थांचे महत्त्व" असा दिलाय. मला वाटलं शिक्षण संस्था. क्लासमधल्या अर्ध्या पोरांना तेच वाटलंय.

दुधनाकाठ (परभणी)

पहिल्याचं असं आहे की दोन्ही बाजूनं लिही, कारण वाद मिटलेला नाही. श्रीमंत देशात कारभार चांगला असतो हे आकड्यात दिसतं, पण आधी काय हे त्यातून ठरत नाही. हे तिघं म्हणतात आधी नियम आणि हक्क कसे बसले ते बघा, साम्राज्यवाल्यांनी जिथं निस्ती लूट केली तिथं लुटीची व्यवस्था मागं राहिली. जेफ्री सॅक्स यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ म्हणतात हवामान, मलेरिया, समुद्रापासूनचं अंतर हेही तेवढंच धरा. बोत्स्वाना तर चहूबाजूनं जमिनीनं वेढलेला आहे, तरी पुढं गेला, पण एका देशावरून सगळ्या जगाचं ठरवू नको.

दुसरी शंका लाखमोलाची आहे. मराठीत संस्था म्हटलं की शिक्षण संस्था नाहीतर सहकारी संस्था, संचालक मंडळ आणि निवडणूक डोळ्यापुढं येते. या तिघांना म्हणायचंय ते लिहिलेले-न लिहिलेले नियम, ज्यांच्यावर लोकांचा भरवसा असतो. जमिनीची नोंद खरी राहील, करार मोडला तर कोर्ट ऐकेल, सरकार बदललं तरी कायदा तोच राहील. बोली मराठीत याला मला एकच जवळचा शब्द दिसतो, घडी. "राज्याची घडी बसवली", "घडी विस्कटली".

मोंढा नाका (जालना)

घडी चालेल. पेपरात मात्र "संस्थात्मक चौकट" लिही रे बाबा, तपासणारा घडी वाचून मार्क कापायचा.

तयारीवाला (लातूर)

मग असं लिहितो सर, बघा. "ज्या देशात कारभाराची घडी बसलेली असते, म्हणजे कायद्याचं राज्य, भ्रष्टाचारावर आळा आणि लोकांना जाब विचारायची सोय असते, तिथं ऐपतीचं रूपांतर लोकांच्या आयुष्यात, शिक्षणात आणि आरोग्यात होतं."

दुधनाकाठ (परभणी)

छान आहे. "रूपांतर होतं" काढ आणि "तिथली ऐपत लोकांच्या शिक्षणाला आणि आरोग्याला लागते" असं कर. आयुष्य वेगळं लिहू नको, आरोग्यात आलं ते. आणि पुढं बोत्स्वाना आणि इक्वेटोरियल गिनी दोन्ही उदाहरणं टाक, साल घालून, एकट्या बोत्स्वानावर थांबू नको.